मार्जिन ठेवणारे काकाजी

लग्न होऊन मी शिरपूरला आले, त्या वर्षी काकाजींनी शिवून दिलेला ब्लाउज मला अजून होतो. मधे दोन बाळंतपणं झाली, शाळेतल्या खुर्चीनं आणि सासूबाईंच्या हातच्या जेवणानं आपापलं काम चोख बजावलं, पण ब्लाउज हरला नाही. आतली एक शिवण उसवायची की खाली कापड हजर. सुरुवातीला मला त्या जाड दुमडीचा रागच यायचा. काखेत टोचायची. मी तक्रार घेऊन गेले तर काकाजींनी कानावरचा खडू काढून उगाच हातात धरला आणि म्हणाले, "टोचू दे सूनबाई. मानूस वाढते. कापड वाढत नाही."

काकाजी म्हणजे गुलाबराव, आमचे शेजारी. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, टेलर मास्तर. शाळेत शिकवत होते मी, पण आमच्या गल्लीत 'मास्तरचं घर कोणतं' असं कुणी विचारलं की लोक त्याला माझ्या दारावरून पुढे घेऊन जात. घराची पुढची खोली हेच दुकान, आणि ते देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. लांबून दर्शनाला आलेल्यांच्या पिशव्यांचे बंद तुटायचे, झोळ्या उसवायच्या. काकाजी त्या उभ्या उभ्या शिवून द्यायचे आणि वर पाणी पाजायचे.

गळ्यात टेप कायम. लग्नात, पंगतीत, मयतीतसुद्धा. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे नाही, खांद्यांकडे बघायचे. टीव्हीवर कुणी पुढारी तावातावानं बोलत असला की काकाजी शांतपणे निकाल देत, "याचा डावा खांदा उतरला हाय. कोट कोनं शिवला याचा?" देश कुठे चालला याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. कुणालाही ते कधी लठ्ठ म्हणाले नाहीत. 'अंग भरलं' म्हणायचे. आणि काहीही कापताना, शाळेचा गणवेश असो की उशीचा अभ्रा, बोटभर मार्जिन जास्तीची ठेवायचे. उशीला कशाला मार्जिन लागते, असं मी एकदा विचारलं होतं. "कापूस फुगते ना," म्हणाले.

या दुकानाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे शांताकाकू, त्यांची बायको. काकाजी कापायचे आणि शिवायचे. काज, बटणं, तुरपाई काकूंची. याशिवाय आणखी एक काम काकूंकडे होतं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

एका लग्नाच्या घरचा कोट होता. काकाजींनी बाह्या उलट जोडल्या, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे. नवरदेवाचा बाप कोट हातात धरून दुकानात आला, चेहरा लालबुंद. मी तेव्हा साडीला फॉल लावून घ्यायला गेले होते. काकाजी उठून उभे राहिले, तोंड उघडणार, तेवढ्यात आतून काकू पदराला हात पुसत आल्या. "भाऊ, बाह्या म्या जोडल्या. मास्तर गावाले गेलते. माह्याच्यानं चूक झाली. बसा, चहा ठेवते." आता बाईमाणसाला काय बोलणार? तो गृहस्थ बसला, चहा प्याला, आणि संध्याकाळी नीट केलेला कोट घेऊन गेला.

तो गेल्यावर काकूंनी काकाजींना असं धुतलं की मला साडी तिथंच टाकून पळ काढावासा वाटला. "डोये कुठं होते तुमचे? आँ? नवरदेवाचे हात काय पाठीतून उगवले का?" काकाजी मुकाट्यानं शिवण उसवत बसले. मग काकू माझ्याकडे वळल्या आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अवं, मास्तरचा हात बिघडला असं गावात एकदा झालं ना, मंग दुकान बसते. माह्या नावानं काही बसत नाही."

म्हणजे इतक्या वर्षांत शिरपुरात ज्या ज्या कपड्यात काही बिघडलं, ते काकूंनी बिघडवलेलं होतं. आखूड झालेले पायजमे, तिरक्या गेलेल्या कॉलरी, सगळं. गिऱ्हाईकासमोर काकू बोलायच्या आणि काकाजी चूप बसायचे. गिऱ्हाईक गेलं की काकू पुन्हा बोलायच्या आणि काकाजी पुन्हा चूप बसायचे. ते चूप बसणं दोघांनी मिळून ठरवलेलं होतं. धंद्याचाच भाग तो. मला त्याचं फार हसू यायचं.

मग काकूंच्या किडन्यांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी वाशीमला जाणं आलं. आधी एसटी, ती चुकली की जीप. जीपमध्ये माणसं कशी भरतात ते इकडच्या कुणाला सांगायला नको. डायलिसिस झालेलं माणूस म्हणजे पिळून काढलेलं फडकं. परतताना काकू स्टँडवरच्या बाकावर आडव्या व्हायच्या आणि काकाजी उन्हाकडे पाठ करून त्यांच्यावर आपली सावली पाडत उभे राहायचे. एकदा मी वाशीमहून येताना हे डोळ्यांनी पाहिलं. ऊन सरकलं की तेही सरकत होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी रिसोडहून एक जुनी गाडी विकत आणली.

पांढरी, चौकोनी तोंडाची गाडी, वयानं जवळजवळ माझ्याएवढी. काकाजी साठीनंतर गाडी शिकले. शिलाई मशीनमुळे दोन्ही पाय एकदम हलवायची सवय, तेव्हा सुरुवातीला आमच्या गल्लीतून गाडी उड्या मारत जायची. काकू मागच्या सीटवर उशी घेऊन आडव्या, आणि गाव संपेपर्यंत त्यांच्या सूचना चालू. "आवो, बकरी हाय." "दिसली." "दिसली तं थांबा ना!" पण गाडी त्यांना वाशीमला नेत होती आणि परत आणत होती. परत येताना काकू चक्क झोपून यायच्या. एवढ्यासाठीच ती गाडी होती, याच्याहून जास्त तिच्याकडून कुणाला काही नको होतं.

आणि ती तेल गाळायला लागली. सकाळी गाडी हलवली की सारवलेल्या अंगणात काळा डाग. आधी भाकरीएवढा, मग परातीएवढा. माझे यजमान म्हणाले, वाशीमला मिस्त्रीकडे टाका काकाजी. काकाजींनी मान हलवली. "मिस्त्री गाडी ठेवून घेते. आज देतो, उद्या देतो करते. हिचा नंबर गुरुवारचा हाय. गुरुवारी काय मिस्त्री नेऊन देनार हाय का हिले?"

हे खरं कारण होतं. दुसरं ते बोलले नाहीत, पण गाडीखाली वाकून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. इंजिनाच्या तळाला तेलाचं एक भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. ते वरच्या भागाला बोल्टांनी आवळलेलं असतं आणि दोहोंच्या मधे पॅकिंग. तेल त्या सांध्यातून येत होतं. "शिवन उसवली हाय," काकाजी म्हणाले. "शिवन तं मले येते."

गाडीखाली शिरायला जागा पाहिजे म्हणून त्यांनी अंगणात गड्डा खणायला घेतला. काकू शेवग्याखाली बाजेवर पडून होत्या. "कायले खनून राह्यले?"

"खाली झोपाले जागा लागते."

"झोपाले बाज हाय ना घरात."

घमेल्यात तेल काढलं. चेंबर उतरवलं. जुनी पॅकिंग तुकड्या-तुकड्यांनी हातात आली, तिचा नमुना काही मिळेना. मग काकाजींनी चेंबर घासूनपुसून दुकानातल्या कापायच्या टेबलावर पालथं घातलं आणि त्याच्याभोवती खडू फिरवला, अगदी माप घेताना फिरवतात तसा. पॅकिंगसाठी बकरम काढलं, कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते, आणि त्याला जाड पुठ्ठा चिकटवला. बोल्टांची भोकं काजासारखी पाडली. सगळं बाहेर अंगणात आणून काकूंना दाखवलं. मी कुंपणाशी उभी राहून बघत होते.

काकूंनी पॅकिंग हातात घेऊन उलटसुलट केली. "आतल्या अंगानं एवढं काहून ठेवलं?"

"मार्जिन."

"इंजिनाले?"

"उद्या सांधा ढिला झाला तं ओढून घेता येते."

"अंग भरन का गाडीचं?" काकू म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांना धाप लागली, तरी थांबेनात. काकाजीही हसले, मीही हसले. त्या घरातून असं हसू किती महिन्यांनी ऐकू येत होतं. इंजिनाच्या आत काय असतं, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळपर्यंत चेंबर पुन्हा आवळलं, तेल भरलं, गड्डा बुजवून वरून सारवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींनी मला हाक मारली. गाडी मागे घेतलेली होती. तेलाचा एक थेंबही नाही, सारवलेलं अंगण स्वच्छ. "पाह्य सूनबाई. काही दिसते का?"

"नाही काही."

"तेच पाहाले बोलावलं."

काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं, काकाजींनी नारळ फोडला. त्या दिवशी गल्लीतलं जो कोणी येईल त्याला काकाजी ती कोरडी जागा दाखवत होते. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर ना आधी पाहिला, ना नंतर. दोन-चार फेऱ्या गाडीनं निर्वेध केल्या.

उन्हाळ्याची सुट्टी होती. माझी दाढ ठणकत होती, म्हणून एका गुरुवारी मीही त्यांच्यासोबत वाशीमला निघाले. सकाळपासूनच ऊन चढलेलं, दोन्ही बाजूंची वावरं नांगरून उघडी पडलेली. अर्ध्याहून जास्त वाट संपली असेल, तेव्हा काकाजींच्या समोर एक लाल दिवा लागला. काकूंना मागून दिसला. "आवो, ते लाल काय पेटलं?"

"पेटू दे. आता पोचतोच."

थांबले आणि मग गाडी चालूच झाली नाही तर काकूंचा नंबर जाईल, या भीतीनं ते थांबले नाहीत. थोड्या वेळानं आतून कुणी हातोडा मारावा तसा आवाज येऊ लागला. मग एक जोराचा हिसका बसला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला घसटत जाऊन गप्प झाली. त्यानंतर किल्ली फिरवून फिरवून काकाजींचा अंगठा दुखला, इंजिन हललं नाही.

एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून आम्हाला वाशीमपर्यंत ओढत नेलं. गावाच्या तोंडाशीच एक गॅरेज होतं, तिथं गाडी सोडली आणि ऑटोनं दवाखाना गाठला. काकूंचा नंबर गेलेला होता. मशीन रिकामं होईपर्यंत त्या भिंतीला टेकून बसल्या, पाय सुजलेले, ओठ कोरडे. पाणीही मोजून प्यायचं असतं त्यांनी. दुपार उलटल्यावर कुणाचं तरी आटोपलं तेव्हा त्यांना घेतलं. दाढ माझी तशीच राहिली, पण दुखत असल्याचं आठवतही नाही.

परतताना ऑटो गॅरेजवर थांबवला. मिस्त्रीनं चेंबर उघडून ठेवलं होतं. त्याच्या हातात एक छोटी जाळी होती आणि जाळीवर भिजून लगदा झालेलं बकरम आणि पुठ्ठा. "या जाळीतून तेल वर चढते," तो म्हणाला. "पॅकिंग आतून एवढी जास्तीची ठेवली, ते तेलात भिजून सुटलं अन् इथं येऊन बसलं. वर तेलच गेलं नाही. इंजिन जाम. कोनं कापलं हे?"

काकाजींनी तोंड उघडलं. मी त्यांच्या शेजारीच उभी होते, मला दिसलं.

"म्या," ऑटोतून काकू म्हणाल्या. "म्या कापलं."

मिस्त्री दिवसभराचा तापलेला असावा. "काकू, इंजिन म्हंजे काय ब्लाउज हाय का? पोया लाटा ना घरी बसून. ज्यातलं समजत नाही त्यात कायले हात घालता?" गॅरेजमधले दोघं-तिघं हसले. काकूही हसल्या. "चुकलं बापा," म्हणाल्या.

वर्षभरात त्या हातांनी साधी सुई धरली नव्हती. डायलिसिसच्या सुयांनी डावा हात कोपरापर्यंत फुगलेला, उजव्याची बोटं मिटत नव्हती. बकरमला कात्री लावणं सोडाच, चहाचा कप त्या दोन्ही हातांनी धरत. हे काकाजींना माहीत होतं, मला माहीत होतं. काकाजी चूप बसले. सवयीनं.

परतीच्या जीपमध्ये मी वाट बघत होते. आता काकू सुरू होणार, डोये कुठं होते म्हणणार. काकाजीही त्याचीच वाट बघत होते, काकूंकडे अर्धे वळून बसले होते. काकू खिडकीच्या दांड्याला डोकं टेकवून बाहेर बघत राहिल्या. बराच रस्ता गेला. शेवटी काकाजी हळूच म्हणाले, "बोल ना वं."

"दमली मी आज," काकू म्हणाल्या.

गाडीचं इंजिन पुरतं उघडावं लागलं, सामान लवकर मिळेना. पुन्हा एसटी, पुन्हा जीप, पुन्हा स्टँडवरचा बाक. पेरण्यांच्या दिवसांत एका दुपारी काकू बाजेवर पडल्या पडल्या गेल्या. काकाजी दुकानात कुणाच्या तरी शर्टाला कॉलर लावत होते. डॉक्टरांनी त्यांना स्वतः सांगितलं की हृदय आधीच थकलं होतं, त्या दिवशीच्या उशिराचा किंवा गाडीचा याच्याशी संबंध नाही. काकाजींनी डॉक्टरांच्या खांद्यांकडे बघत ते ऐकून घेतलं. त्यांना ते पटलं नाही हे मला कळत होतं आणि मला काही करता येत नव्हतं. मी घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले.

गाडी दुरुस्त होऊन आली, ती माझ्या यजमानांनी जाऊन आणली. काकाजींनी किल्ली घेऊन खिळ्याला अडकवली आणि पुन्हा काढली नाही.

तेरवीला काकूंचे भाऊ आले होते. जेवणं झाल्यावर माणसं गेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगतात, तशा चालल्या होत्या. भाऊ डोळे पुसत पुसत म्हणाले, "आमच्या अक्कानं काय कमी केलं का? मोटारीच्या इंजिनाले बकरम लावलं तिनं! मिस्त्री बोंबलला, तं म्हने चुकलं बापा." सगळे ओल्या डोळ्यांनी हसले. ही गोष्ट एव्हाना सोयऱ्याधायऱ्यांत सगळीकडे पोचली होती. काकाजी म्हणाले, "तिनं नाही. म्या कापलं होतं." भावानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "राहू द्या भाऊजी. दुःखात हाय तुमी."

काकाजी पुन्हा म्हणाले, "म्या कापलं होतं." दोघा-तिघांनी माना हलवल्या, कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी म्हटलं, "खरं आहे ते, मी पाहिलंय." पण तोवर विषय काकूंच्या हातच्या ठेच्यावर गेला होता. काकाजी उठून दुकानात गेले.

मी चहा घेऊन गेले तर ते मशीनसमोर नुसतेच बसलेले. "लोकायले वाटते मी तिच्या मायेनं बोलून राह्यलो," ते म्हणाले. "आता हे असंच राहीन, सूनबाई. शांतानं गाडी बिघडवली म्हनतीन. लोकायच्या समोर सगळं आयुष्य माह्या चुका तिच्या अंगावर गेल्या. घरात येऊन ती मले बोलून घे, मंग फिटे ते. हे फिटलं नाही. बोललीच नाही ती." मी चहाचा कप त्यांच्यासमोर सरकवला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्या मिस्त्रीनं बोललं होतं तिले. चार लोकायत. त्याले सांगा लागन."

अकोल्याला दिलेली त्यांची लेक त्यांना कायमचं तिकडे न्यायला येणार होती. ती येण्याच्या आदल्या दिवशी मला शिक्षण कार्यालयात काम होतं म्हणून मी वाशीमला निघाले, तर काकाजी इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर उभे. एसटीत ते खिडकीशी बसले. ओठ मात्र हलत होते. काय सांगायचं ते मनाशी जुळवत असावेत.

गॅरेजमध्ये मिस्त्री एका गाडीच्या बॉनेटमध्ये वाकलेला होता. काकाजी त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. "ते पांढऱ्या गाडीच्या पॅकिंगचं. इंजिनात बकरम निघालं होतं. ते म्या कापलं होतं."

मिस्त्री सरळ झाला. "कोनती गाडी, काकाजी?"

काकाजींनी सांगितलं. ट्रॅक्टरनं ओढून आणली ती, जाळीवर लगदा बसला होता ती. मिस्त्री कपाळाला आठ्या घालून आठवत राहिला. रोज कितीतरी गाड्या येतात, त्याचा काय दोष. "हा, हा, ते बकरम," तो शेवटी म्हणाला. "त्याचं काय? बरोबर चालून राह्यली ना गाडी?"

"एक बाई ऑटोत बसली होती. म्या कापलं म्हने ती. तिनं नाही कापलं. तिच्या हातात कात्री धराचीही ताकद नव्हती. म्या कापलं अन् मी चूप बसलो. तू तिले बोलला होता, पोया लाटा म्हनून."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. तो हात पुसत जवळ आला, आणि लाजल्यासारखं हसून म्हणाला, "बोललो असन काकाजी, त्या दिवशी डोकं तापलं असन. चुकलं माहं. काकूले सांगजा घरी गेल्यावर, मनावर नोका घेऊ म्हना. माफी मांगतली म्हना पोरानं."

मी काहीतरी बोलायला पुढे झाले. काकाजींनी हातानं मला थांबवलं.

"सांगतो," ते म्हणाले.

रस्त्यावर येईपर्यंत ते नीट चालले. मग उभे राहिले आणि मला विचारलं, "आता कसं सांगू वं तिले?" आणि तिथंच, ऑटो आणि ट्रकांच्या गर्दीत, मोठ्यानं रडायला लागले. काकू गेल्या त्या दुपारीसुद्धा ते असे रडले नव्हते. मी त्यांचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले.